उठून उभे राहण्याचे बळ

भिलाईलगतच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात लोखंड कापणारे, जोडणारे, घडविणारे अनेक कारखाने आहेत. अशा ठिकाणी कित्येकांची भाकर ठेकेदारीच्या कामावर अवलंबून असते. काम संपले, अथवा यंत्रात हात सापडला, की घरची चूल थंडावते. अशा बांधवाला आपण सहज म्हणतो, “धीर धरा.” उपदेश खोटा नाही, पण हा धीर त्याने आणावा कोठून?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथे या प्रश्नाचे एक उत्तर उभे आहे. जून १९७७ मध्ये तेथे झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. पुढे कामगार संघटनेच्या नेत्या कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचारांअभावी दगावल्या. शोक करीत ते खाणकामगार घरी बसले असते, तर त्यांना कोणी दोष दिला असता? परंतु शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेतील या श्रमिकांनी तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी काढली, स्वतः श्रमदान केले आणि १९८३ साली शहीद हॉस्पिटल सुरू केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. तरीही रुग्णसेवा थांबली नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सावरण्याचे बळ एकट्याच्या छातीत क्वचितच मावते; ते परस्परांच्या खांद्यांवर वाहिले जाते. म्हणून व्यक्तीचे कर्तव्य संपते असे नव्हे. पहिला रुपया कोणीतरी काढावाच लागतो. तसेच धीराची थोरवी गाऊन अन्यायाकडे डोळेझाक करणेही योग्य नव्हे. त्या श्रमिकांनी दुःख सोसले खरे, पण दुःखाचे कारण तसेच राहू दिले नाही.

जीवाला कंटाळून झुडपाखाली पडलेल्या एलीयाची कथा (१ राजे १९) आपण जाणतो. देवदूताने त्याला प्रथम बोध केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. पुढच्या लांब वाटेची गोष्ट त्यानंतर निघाली. आपण मात्र बहुधा हा क्रम उलटा करतो.

तेव्हा वाचकहो, शेजारच्या घरी काम सुटल्याची वार्ता कानी येईल, तेव्हा धीराचा शब्द अवश्य न्यावा. मात्र रिकाम्या हाताने नेऊ नये.