हौसेचें अंदाजपत्रक

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, तिच्यांत कांहीं तत्त्वज्ञान असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. घर बांधणारा आणि लग्न काढणारा हे दोघेहि खर्चाचा अंदाज केल्यावांचून कामास हात घालीत नाहींत, आणि दोघांचाहि अंदाज बहुधा चुकतो. आतां एखादी चूक एका माणसाच्या हातून एकदां घडली, तर तिला आपण चूक म्हणतों. परंतु तीच चूक बहुतेकांच्या हातून आणि नेहमीं एकाच दिशेनें घडत असेल, तर तिला नुसती चूक म्हणणें बरोबर होईल काय? अंदाज चुकतो तो कमीच कां निघतो, अधिक कां निघत नाहीं? हा प्रश्न गणिताचा आहे कीं नीतीचा, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घराचें किंवा लग्नाचें उदाहरण या कामीं पुरतें उपयोगी नाहीं. कारण तेथें गरज, लोकाचार व मुहूर्त यांच्या माथीं दोष मारतां येतो. म्हणून निव्वळ हौसेचें एक उदाहरण घेतों. आमचा एक भाचा इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं नोकरीस आहे. त्यानें तेथें एम. जी. बी. या नांवाची एक जुनी, उघड्या टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली, आणि ती स्वतःच्या हातांनीं पूर्ववत् करावयाचें मनावर घेतलें. ही मोटार ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यामुळें तिचे सुटे भाग आजहि सहज मिळतात. १९८८ पासून तर तिचा सबंध सांगाडाच नव्यानें तयार होऊं लागला. नवशिक्यानें प्रथम हात घालावा तो याच गाडीस, असें तिचे भक्त सांगतात, आणि त्यांत तथ्य आहे.

गाडी ३,५०० पौंडांस मिळाली. दुरुस्तीचा अंदाज भाच्यानें ९,००० पौंडांचा केला, व सावधपणा म्हणून त्यावर शेंकडा दहा अधिक धरले. त्या अंदाजपत्रकाची प्रत त्यानें मोठ्या उत्साहानें आम्हांस पाठविली होती. इंजिन, ब्रेक, रंग, कातडी बैठका, क्रोमची चमक, नवें कापडी टप, असें जें जें डोळ्यांस दिसतें तें सर्व तींत नमूद होतें. जें दिसत नाहीं तें मात्र नव्हतें. या गाडीस खालीं वेगळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा, आणि दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या तुळया हें त्या कण्याचें मुख्य बळ. वर पक्कें छप्पर नसल्यामुळें त्या तुळयांवर भार अधिक. आणि चिखलपाणी सांचून गंज धरतो तोहि तेथेंच, आंतल्या बाजूनें. मागील एखाद्या मालकानें कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा जोडून रंग फासला असेल, तर बाहेरून कांहींच कळत नाहीं. अशी तुळई बदलावयाची म्हणजे शेजारच्या पत्र्यांचाहि खालचा भाग कापावा लागतो. कापण्यापूर्वीं सांगाड्यास आडवा आधार द्यावा लागतो, नाहींतर तो वांकतो आणि मग दारें बसत नाहींत. याप्रमाणें अंदाजपत्रकांतील एका ओळीच्या पांच ओळी होतात. शिवाय वेल्डिंगचें यंत्र, तें काम शिकतांना वायां गेलेले पत्रे, जागेचें भाडें, विमा, आणि ज्यांची किंमत एकेकटी हास्यास्पद पण एकत्र बेरीज गंभीर असे शेंकडों नटबोल्ट व रबरी पट्ट्या! चौदा महिन्यांनीं दुरुस्तीवर ११,२०० पौंड खर्च झाले होते, आणि गाडी चाकांवांचून टेकूंवर उभी होती.

कोणी म्हणेल, हें नवशिक्याचें अज्ञान आहे. त्यांत नीतीचा संबंध काय? मानसशास्त्राचीहि या म्हणण्यास पुष्टि मिळेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. डॅनियल कानमन व अमोस ट्वर्स्की या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं या प्रवृत्तीस ‘नियोजनाचा भ्रम’ अशा अर्थाचें नांव दिलें. पुढें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस तो किती दिवसांत पुरा होईल असें विचारण्यांत आलें. सरासरी उत्तर सुमारें ३४ दिवसांचें आलें. सर्व कांहीं प्रतिकूल घडलें तर किती दिवस लागतील, यास उत्तर सुमारें ४९ दिवसांचें. प्रत्यक्षांत सरासरीनें ५५ दिवसांहून अधिक लागले! जन्मभर विद्यार्थ्यांचे प्रबंध वेळेवर येण्याची वाट पाहत बसलेल्या आमच्यासारख्यास या आंकड्यांचें नवल वाटलें नाहीं. परंतु त्याच संशोधनांतील दुसऱ्या दोन गोष्टी आम्हांस अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी कीं, माणसांस आपला पूर्वीचा उशीर आठवत नाहीं असें नाहीं. तो या खेपेस लागू पडणार नाहीं असें त्यांस वाटतें. दुसरी अशी कीं, तेंच काम तिऱ्हाइताच्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे अंदाज इतका आशावादी राहत नाहीं.

यावरून आमच्या मतें एवढें सिद्ध होतें कीं, अज्ञान हें या चुकीचें पुरें कारण नव्हे. आमच्या भाच्यास त्याच्या एका अनुभवी शेजाऱ्यानें प्रारंभींच सांगितलें होतें कीं, जो आंकडा मनांत असेल त्याची दुप्पट कर. ही हकीकत भाच्यानेंच आम्हांस हंसत हंसत कळविली होती. “पण मामा, त्याची गाडी फारच कुजलेली होती, माझी तशी नाहीं,” असें तो म्हणाला. त्या दिवसापर्यंत त्यानें स्वतःच्या गाडीखालीं शिरून पाहिलेंहि नव्हतें. ज्ञान दाराशीं उभें होतें. त्यास आंत घेतलें नाहीं, कारण तें आंत आलें असतें तर गाडी घेतां आली नसती. कमी आंकडा हा अशा वेळीं अंदाज नसतो. तो स्वतःच्या इच्छेस स्वतःच लिहून दिलेला परवाना असतो.

आणि असा परवाना एकट्याच्या सहीनें चालत नाहीं, म्हणून तो घरांतहि दाखवावा लागतो. मागील वर्षीं भाच्याचें एक पत्र आलें. “मामा, घरीं मीं अजून जुनाच आंकडा सांगितला आहे. वरच्या खर्चाची वही निराळी ठेवली आहे. आतां थांबलों तर झालेला खर्च पाण्यांत जातो. पुढें गेलों तर तितकाच आणखी लागेल. तुम्ही सांगाल तसें करीन.” हे पैसे नवराबायकोनें मिळून सांठविलेले होते, आणि त्यांत आमच्या भगिनीस एक उन्हाळा तिकडे नेण्याचा खर्चहि धरलेला होता.

झालेल्या खर्चाचा हा युक्तिवाद मोठमोठ्या राष्ट्रांसहि भुलवितो. ज्या १९६२ सालीं ही मोटार बाजारांत आली, त्याच सालीं ब्रिटन व फ्रान्स यांनीं ध्वनीहून वेगवान असें कॉन्कॉर्ड प्रवासी विमान बांधण्याचा करार केला. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला, तरी इतका झालाच आहे तर आतां थांबावें कसें, या विचाराचें ओझें वाढतच गेलें. विमान १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवाशांसह उडालें खरें. परंतु त्या विचारसरणीस इंग्रजींत त्याच विमानाचें नांव कायमचें चिकटलें. गेलेला पैसा थांबल्यानें परत येत नाहीं, तसा पुढें गेल्यानेंहि येत नाहीं. विचार करावयाचा तो फक्त उरलेल्या पैशाचा, आणि तो ज्यांचा आहे त्या माणसांचा.

आम्ही हौसेच्या विरुद्ध आहों असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. अशी गाडी पुरी झाल्यावर बाजारांत तिची किंमत बहुधा खर्चाइतकीहि येत नाहीं; परंतु गंजलेल्या पत्र्यास पुनः आकार देतांना जो आनंद होतो तो बाजारांतून विकत मिळत नाहीं. ‘हौसेला मोल नाहीं’ असें आपण म्हणतों, त्याचे दोन अर्थ होतात. आनंद पैशांत मोजतां येत नाहीं, हा एक. आणि आनंदासाठीं जाणारा पैसा मोजूं नये, हा दुसरा. पहिला खरा आहे, आणि त्याच्या आडून दुसरा आंत शिरतो. जो पैसा आपण मोजीत नाहीं तो दुसरें कोणी तरी भरीत असतें, मग तें पैशानें असो, वा वाट पाहून असो.

म्हणून भाच्यास आम्हीं थांब असेंहि लिहिलें नाहीं व पुढें जा असेंहि लिहिलें नाहीं. दोन्ही वह्या पत्नीपुढें ठेव, आणि नवें अंदाजपत्रक तिला लिहूं दे, एवढेंच कळविलें. कांहीं दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. आंकडा ऐकून ती रागावली नाहीं. दुसरी वही पाहून मात्र दोन दिवस बोलली नाहीं. नंतर तिनें गाडीखालीं शिरून, हातांत दिवा घेऊन, एकेक पत्रा बोटानें दाबून पाहिला आणि यादी केली. त्या यादींतील पहिली ओळ आमच्या भगिनीच्या विमानभाड्याची होती, आणि शेवटची ओळ ज्या आंकड्यावर काम बंद करावयाचें त्याची. मधल्या ओळींचा आंकडा भाच्याच्या अंदाजाहून बराच मोठा होता. गाडी सध्यां टेकूंवरच आहे. दरमहा ठरलेल्या रकमेपुरतेंच काम होतें, आणि ती रस्त्यावर येण्यास किती दिवस लागतील हें आतां भाचा आम्हांस सांगत नाहीं. आमची भगिनी मात्र येत्या जून महिन्यांत तिकडे जावयाची आहे.