वेष्टनावरील बारीक अक्षरे

सिन्नरच्या कोणत्याही किराणा दुकानात बिस्किटांचा पुडा हाती घेऊन त्याच्या पाठीमागील मजकूर वाचण्याचा प्रयत्न वाचकांनी एकदा करून पाहावा. चष्मा असूनही आम्हांला तो दुकानाबाहेर उन्हात येऊन वाचावा लागला. मैदा, साखर, पामतेल असा क्रम होता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत असा नियम आहे. म्हणजे त्या पुड्यात मैद्याखालोखाल साखरच होती. दर्शनी बाजूस मात्र दूध सांडत होते आणि गव्हाची ओंबी डुलत होती.

यात खोटे काय, असे उत्पादक विचारील. शब्दशः पाहता काहीच नाही. पण खोटी साक्ष देऊ नये या आठव्या आज्ञेचा अर्थ केवळ शब्द खरे असावेत एवढाच आहे काय? कोणाच्या कानी पडू नये अशा बेताने सांगितलेल्या सत्याला साक्ष म्हणता येईल काय? हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत छापला की कायद्याचे समाधान होते. माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून परतताना मुलांसाठी पुडा घेणाऱ्या बाईच्या पदरी कायदेशीर सत्य पडते, तिच्या भाषेतले पडत नाही.

अलीकडे ग्राहक जागा झाला आहे, हे खरे. पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसावर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असे छापू नये, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२४ साली काढावा लागला. घटक थोडके असावेत, ओळखीचे असावेत, स्वयंपाकघरात सापडणारे असावेत, अशी मागणी आता सर्वत्र ऐकू येते. या मागणीचे आम्ही स्वागत करतो; तरीही तिच्याविषयी एक शंका मनात राहते.

सिन्नर हे विड्यांचे गाव. हजारी दराने विड्या वळून येथील कितीतरी बायांनी संसार रेटले. विडीतील घटक मोजून पाहा: तंबाखू आणि टेंभुर्णीचे पान, वर दोरा. याहून साधी, याहून ओळखीची यादी कोठे मिळणार? आणि तरीही तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग २०१६ पासून धोक्याच्या सचित्र इशाऱ्याने व्यापलेला आहे. उलट वेष्टनावरील ‘३३०’ हा आकडा पाहून आम्ही दचकतो, आणि तो असतो लिंबातही आढळणाऱ्या सायट्रिक आम्लाचा. यादी आखूड झाली म्हणून ती निष्पाप ठरत नाही. साधेपणाची ओढ लागलेल्या ग्राहकाला साधेपणाही विकता येतो. व्यापाऱ्याला हे आमच्याआधी कळते.

मग आम्ही नेमके काय मागत आहोत? या प्रश्नाशी अडलो असता आम्हांला आमच्याच वेदीवरील भाकर आठवली. ती केवळ गव्हाची असावी व नुकतीच केलेली असावी, असे धर्मसभेच्या कायद्यातील ९२४ वे कलम सांगते. पीठ आणि पाणी, बस्स. पूर्वी ही भाकर बहुधा धर्मभगिनींच्या मठांत भाजली जाई. कोणी भाजली हे ठाऊक असे, म्हणून कोणी यादी मागत नसे. पुढे ती बाजारात, अगदी इंटरनेटवरही विकली जाऊ लागली, तेव्हा २०१७ साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंडळाला जगभरच्या बिशपांना पत्र लिहावे लागले: या भाकरीवर व द्राक्षारसावर देखरेख ठेवा, हवे तर खास प्रमाणपत्राची सोय करा. करणारा हात दिसेनासा झाला की कागद लागतो, हे येथेही चुकले नाही. मात्र त्या पत्राने यादी वाचण्याचा भार मिस्सेला येणाऱ्या भाविकावर टाकला नाही. हमी देण्याची जबाबदारी नाव घेऊन बिशपांवर ठेवली. बिस्किटाच्या पुड्याबाबत हे ओझे कोणाचे?

पुडा परत देताना आम्ही दुकानदाराला सहज विचारले, “यात काय काय असतं हो?” त्याने पुडा उलटा करून आमच्यापुढे धरला. म्हणाला, “मागं लिहिलंय ना सगळं.”