रूपकाची सम

दिवाळीत माणसाला दोन गोष्टींचे अजीर्ण होते. एक फराळाचे आणि दुसरे आठवणींचे. फराळाच्या अजीर्णावर ओव्याचा अर्क चालतो. आठवणींच्या अजीर्णावर अद्याप औषध निघालेले नाही, कारण फराळाचा त्रास खाणाऱ्याला होतो आणि आठवणींचा त्रास ऐकणाऱ्याला. सांगणारा आपला खुशाल असतो.

मी या बाबतीतला जुना गुन्हेगार आहे. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील आमच्या घरी दरवर्षी पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही चार मित्र जमतो. चौघांचीही साठी उलटली आहे. चिवड्याच्या बशा पुढे येतात, कुणाचा रक्तदाब, कुणाची साखर यांची चौकशी होते, आणि मग गाडी ठरलेल्या रुळावर येते. हा रूळ म्हणजे पिंक फ्लॉइड.

ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पिंक फ्लॉइड हा इंग्लंडमधला वाद्यवृंद. साठीच्या दशकाच्या अखेरीस तिकडे ज्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले, त्यातले हे मोठे घराणे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनासुद्धा अख्खा राग तेवढ्यात बसवावा लागे. १९४८ साली दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मोकळी मिळाली. या मंडळींनी ती जागा आपल्या विलंबित ख्यालासारखी वापरली. १९७३ साली निघालेली त्यांची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. मध्ये काळ आहे, पैसा आहे, वेड आहे. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ती १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होती.

आम्हा चौघांपैकी प्रत्येकाला ही तबकडी ‘सापडली’ आहे. एकाला ती शेतातल्या जागलीच्या रात्री मामांच्या रेडिओवर सापडली. लघुलहरींच्या खरखरीतून एक घड्याळ वाजले आणि तो दचकून काठी घेऊन उठला. दुसऱ्याला ती नागपूरच्या वसतिगृहात भिंतीपलीकडून ऐकू आली. तिसऱ्याने दुसऱ्याच गायकाची म्हणून कॅसेट विकत घेतली आणि घरी आल्यावर आत हे निघाले. हे किस्से मी चाळीस वर्षे ऐकतो आहे आणि दरवर्षी त्यांत एखादा दागिना वाढतो. रेडिओवाल्याच्या गोष्टीत अलीकडे वाघही येऊ लागला आहे.

माझी गोष्ट सगळ्यांत शेवटी येते, कारण ती सगळ्यांत चांगली आहे. १९७६ सालचा पावसाळा. मी नववीत. बाबा झोपल्यावर दिवा न लावता मी तबकडी लावतो. घड्याळांच्या गजराने आई स्वयंपाकघरातून धावत येते. मग मी तबकडी उलटतो. दुसऱ्या बाजूवर पहिलेच गाणे ‘मनी’. गल्ल्याची घंटा, नाण्यांची खुळखुळ, कागद फाडल्याचा आवाज. आणि अंधारात मी मांडीवर बोटे मोजतो: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. अरे, हा तर रूपक! लंडनच्या साहेबाने आपला सात मात्रांचा ताल धरला आहे, हे वर्ध्याच्या एका नववीतल्या पोराने ओळखले! येथे मित्र दाद देतात. मी चहाचा घोट घेतो.

गेल्या पाडव्यालाही दाद मिळाली. माझी नात तबला शिकते. तिने कौतुकाने ती तबकडी कपाटातून काढली, आतले कागदी पाकीट दिव्याजवळ धरले आणि विचारले, “आजोबा, तुम्ही तबला शिकला होता?”

“नाही गं.”

“मग हे कुणी लिहिलं?”

पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते: ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या ‘ती’खाली एक शून्य. रूपकाचा ठेका, खालीच्या खुणेसह. मी ते कितीदा पाहिले असेल! पाहिले होते, वाचले नव्हते. भाऊबीजेसाठी मुंबईहून आलेली माझी थोरली बहीण, ताई, शेजारी करंज्यांना मुरड घालत बसली होती. तिने मान वर केली नाही. एवढेच म्हणाली, “पेन्सिल बोथट होती रे.”

त्या एका वाक्याने माझी चाळीस वर्षांची गोष्ट शेवयांसारखी सुटी झाली.

खरी गोष्ट अशी. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खादी घालणारी, प्रार्थना करणारी ही मुले भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेली. त्यांच्या पेट्यांत खादीच्या घडीखाली काय काय असे, ते बापूंच्या कुटीला ठाऊक नव्हते. त्यांतली एक मुलगी ताईची मैत्रीण. तिच्याकडून ती तबकडी ताईने आणली, पावसात, सायकलवरून, पंचात गुंडाळून. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती, गाणे शिकत होती, आणि गुरुजींकडे तबलजी आला नाही तर स्वतः ठेका धरीत होती. अंधारात यंत्राशी बसलेली ती होती. सात मोजले तिने. मध्येच गिटारचा भाग आला तेव्हा, “आता चार झाले बघ, सात सुटलं,” असेही तीच म्हणाली होती. मी दाराशी चादर गुंडाळून बसलो होतो, कारण मला एकट्याला झोपायची भीती वाटत होती.

शिक्षण संपवून परत जाताना मैत्रिणीने ती तबकडी तिलाच दिली. १९७९ साली ताईचे लग्न झाले. “सासरी कुठे लावू?” म्हणून ती घरीच ठेवून गेली. पण त्याआधीच एकदा माझे मित्र प्रथम घरी आले असताना मी त्यांच्यापुढे तबकडी धरून ‘हा तर रूपक’ म्हणालो होतो. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आणि तिचे ते गप्प बसणे मी संमती समजलो.

आता प्रश्न असा की मी खोटे बोलत होतो काय? न्यायाधीशापुढे उभे केले असते तर पहिल्या दिवशी मी निश्चित खोटा ठरलो असतो. पण विसाव्या वर्षी? तोवर मला ते खरेच आठवू लागले होते. मांडीवरची बोटेसुद्धा आठवत होती. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते. आठवणीत रमणारा त्याच्याही पलीकडे जातो. त्याला ते ठाऊक राहत नाही, आणि म्हणूनच तो इतका निरागस दिसतो.

‘शोध’ हा शब्दच मोठा लबाड आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघाच्या शिकारीत अजिंठ्याच्या लेण्यांचा शोध लागला, असे आपण शाळेत शिकलो. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या डोंगरात गुरे घेऊन फिरणाऱ्यांना ती लेणी माहीत होतीच. पण त्यांनी भिंतीवर नावे कोरली नाहीत, म्हणून शोध त्यांचा नव्हे. ताईने बोथट पेन्सिलीने ठेका लिहिला, खाली नाव लिहिले नाही.

संगीतात तर हे नेहमीच चालते. सत्तरीच्या दशकात मुंबईत अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट नावाचा रॉक वाद्यवृंद होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे त्यात गात. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याच नंदू भेंड्यांनी तो रॉकचा आवाज मराठी प्रेक्षकांसमोर खणखणीत उभा केला. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी मात्र इथे विस्मरणात गेली. पुढे परदेशातल्या संग्राहकांना तिचा ‘शोध’ लागला, तिकडे ती पुन्हा निघाली, आणि मग आपल्याकडच्या रसिकांनीही ती शोधून काढली! वाजवणारी-गाणारी माणसे मधली सगळी वर्षे इथेच होती. नंदू भेंडे २०१४ साली वारले.

पण या सगळ्यांत मला अधिक टोचते ती गोष्ट पिंक फ्लॉइडचीच आहे. या वाद्यवृंदाचे नाव ज्याने ठेवले, पहिली गाणी ज्याने रचली, तो सिड बॅरेट. मनाचा तोल गेला आणि १९६८ साली तो बाहेर पडला. पुढे मित्रांनी कीर्ती मिळवली आणि त्यांना त्याची आठवण छळू लागली. १९७५ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ‘विश यू वेअर हिअर’चे ध्वनिमुद्रण चालले होते. त्यातली मोठी रचना त्यालाच उद्देशून होती. ५ जून रोजी एक लठ्ठ गृहस्थ आत आला, डोके आणि भुवयासुद्धा भादरलेल्या. बराच वेळ कुणी त्याला ओळखले नाही. तो सिड होता. त्याच्या विरहाचे गाणे जुळवण्यात ते इतके गुंतले होते की तो स्वतः खोलीत येऊन उभा राहिला तरी त्यांना कळले नाही.

ही हकिकत मी पाडव्याच्या बैठकीत निदान दहा वेळा सांगितली असेन, डोळ्यांत पाणी आणून. आणि दहाही वेळा ताई किंवा तिचे पत्र, तिचा फोन, तिने पाठवलेला चकलीचा डबा, यांपैकी काहीतरी त्याच खोलीत होते.

२००७ च्या फेब्रुवारीत पिंक फ्लॉइडमधले रॉजर वॉटर्स मुंबईत आले. ते सबंध ‘डार्क साइड’ वाजवणार होते. आम्ही चौघे सेवाग्राम एक्सप्रेसने गेलो. मी उतरलो ताईकडे, मुलुंडला. कार्यक्रमाला निघताना तिने पोळीभाजीचा डबा बांधून दिला आणि परतायला उशीर होईल म्हणून किल्ली दिली. तूही चल, असे म्हणावे हे माझ्या मनात आले नाही. ठरवून टाळले असते तर निदान तो एक अपराध झाला असता. मला ती सुचलीच नाही. मध्यरात्रीनंतर परतलो तर ती जागी होती. “कसं झालं?” म्हणाली. मी अर्धा तास सांगत होतो. त्यात हेही सांगितले की, “गंमत बघ ताई, ‘मनी’ हे गाणं आपल्या रूपकात आहे.” ती “हो का?” म्हणाली, माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि झोपायला गेली.

पाडव्याच्या त्या रात्री मित्रांनी माझी समजूत काढली. ते म्हणाले, संगीत काय कुणाच्या बापाचे असते? कुणी का आणेना, तुला ते आवडले हे तर खरे? यात तथ्य आहे. माझे त्या तबकडीवरचे प्रेम खोटे नव्हते. वडील गेले तेव्हा आणि नोकरीत बिकट दिवस आले तेव्हा तिनेच मला सावरले. संगीतावर कुणाची मालकी नसते हेही मान्य. पण ज्याने आपल्याला ते दिले त्याचे ऋण उरतेच, आणि मालकी नाही या सबबीवर ऋण बुडवणे हा सावकारी तऱ्हेचा हिशेब झाला. गेलेल्या दिवसांवर प्रेम करणे सोपे असते. ते दिवस चहा मागत नाहीत, त्यांचे गुडघे दुखत नाहीत. त्या दिवसांतून चालत आलेले माणूस मात्र आपल्यासमोर करंज्या करीत बसलेले असते, आणि आपण त्याला म्हणतो, जरा आवाज कमी करा, मी आठवण सांगतो आहे.

भाऊबीजेला ताईने ओवाळले. मी ताटात ती तबकडी ठेवली. तिने ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली.

“हे कशाला? माझ्याकडे लावायला काय आहे?”

“तुझीच आहे.”

“माहीत आहे मला माझी आहे ते. तुझ्याकडेच राहू दे. गोष्ट तेवढी नीट सांगत जा.” मग थोडे थांबून, “गोरसपाक आणलास का? तो बांध मला. आणि एकदा लाव बघू ती दुसरी बाजू.”

लावली. गल्ल्याची घंटा वाजली. ताई भिंतीला टेकून बसली होती. हात आपोआप उठला आणि ती मात्रा मोजू लागली. नात बारकाईने पाहत होती. पहिल्या मात्रेवर ताईचा तळवा बाहेरच्या बाजूला उलटा होई, मग चौथीवर आणि सहावीवर टाळी.

“आत्याआजी,” नात म्हणाली, “बाकीच्या तालांत समेवर टाळी असते. इथे का नाही?”

“रूपकात नसते,” ताई म्हणाली. “सम असते, टाळी नसते. तरी सगळे तिथेच येतात.”

गिटारचा भाग आला तेव्हा तिने मोजणे थांबवून माझ्याकडे पाहिले. “चार,” मी म्हणालो. तिने मान हलवली.

यंदा पाडव्याला मित्र पुन्हा येतील. चिवडा असेल, वाघ असेल. माझी गोष्ट मी सांगणार आहेच. सुरुवात मात्र सायकलपासून करीन.