प्रयोजन न सांगणारे शास्त्र

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात, अशी आपली जुनी रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त हे अनुबंधचतुष्टय मांडले आहे. ग्रंथ कोणासाठी आणि त्याचे फळ काय, हे आधीच सांगणे मी ग्रंथकाराचे कर्तव्य मानतो. संगणकाच्या कमांड लाइनची माहितीपाने या कसोटीवर घासून पाहावीत. युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. नाव, वापराची रीत, वर्णन आणि कमांडमधल्या उणिवासुद्धा प्रामाणिकपणे नोंदवण्याची तिची शिस्त आजही टिकून आहे. विषय तिथे काटेकोर येतो, प्रयोजन मात्र हरवते. फाइलींतला शब्द शोधायला ‘ग्रेप’ लागते. पण त्याचे पान उघडायला ‘ग्रेप’ हे नावच आधी ठाऊक हवे. शब्दावरून पाने शोधून देणारे ‘ॲप्रोपॉस’ आहे खरे, पण ते पानाचे नाव आणि एका ओळीचे वर्णन एवढेच चाळते. ती ओळ लिहिताना शोधणाऱ्याची गरज मनात नसेल, तर पान असून नसल्यासारखेच.

यावर जाणकार म्हणतात, सूत्र आखूडच शोभते आणि जो झगडेल तोच शिकेल. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे आखूड आहेतच. पण परंपरेने त्यांना कात्यायनाची वार्तिके आणि पतंजलीचे महाभाष्य दिले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. त्यात वेदान्त कुठे पातळ झाला? अर्थाशी झगडावे लागले तर बुद्धी वाढते. पान सापडेना म्हणून गेलेल्या वेळातून काय शिकायला मिळते, हे मला कोणी दाखवून द्यावे.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळे इंटरनेटवर मिळते. पण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या खोऱ्यातल्या जंगलगावांत, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. तिथल्या कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी ही घरची भाषा नव्हे. त्याच्यासाठी यंत्रातच असलेले पान हाच गुरू, आणि ते त्याच यंत्रावरच्या आवृत्तीशी जुळणारेही असते. २०१३ पासून स्वयंसेवक लिहीत असलेली ‘टीएलडीआर’ पाने म्हणूनच मला मोलाची वाटतात: काय साधायचे ते आधी, कमांड नंतर, आणि एकदा उतरवून घेतली की नेटवाचून चालतात. मूळ पानाचा एकही तपशील गाळू नये; त्याच्या माथ्यावर मात्र अशीच चार उदाहरणे हवीत, आणि ती मराठीत, कोकणीत, कन्नडातही हवीत.