उत्तर असलेलीं कोडीं

सुडोकूचें पुस्तक हातांत धरून बसलेल्या प्रौढ मनुष्याकडे आपला सुशिक्षित समाज कोणत्या दृष्टीनें पाहतो, तें मला चांगलें ठाऊक आहे. रोज दोन घटका दूरचित्रवाणीपुढें पेंगणारे माझे एक स्नेही परवां म्हणाले, "अहो, हा वेळेचा अपव्यय नव्हे काय?" असेलहि. परंतु वेळ किती गेला, यापेक्षां तेवढ्या वेळांत मन कशापासून दूर गेलें, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

हें कोडें फारसें जुनें नाहीं. अमेरिकेंतील हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुशिल्पज्ञानें रचलेलें हें कोडें १९७९ सालीं तेथील एका मासिकांत आलें. १९८४ मध्यें जपानांतील निकोली या प्रकाशनसंस्थेनें तें उचललें. आजचें नांवहि तिकडचेंच. पुढें वेन गूल्ड यांना १९९७ मध्यें टोकियोच्या एका पुस्तकांच्या दुकानांत तें दिसलें. सहा वर्षें खपून त्यांनीं अशीं कोडीं संगणकाकडून रचवून घेण्याची युक्ति साधली, आणि नोव्हेंबर २००४ मध्यें लंडनच्या 'टाइम्स'नें तीं छापण्यास आरंभ केला. गार्न्स बिचारा १९८९ मध्येंच वारला होता. गूल्ड हे हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश. निवाडे करण्यांत आयुष्य घालविलेल्या गृहस्थास निःसंदिग्ध उत्तराचा एवढा मोह पडावा, याचें मला मुळींच नवल वाटत नाहीं.

कारण सुडोकूचें सारें सुख त्या एका हमींत आहे: उत्तर आहे, आणि तें एकच आहे. सतरांहून कमी आंकडे दिले तर ही हमी राहूंच शकत नाहीं, असें डब्लिनच्या गणितज्ञांनीं २०१२ मध्यें संगणकाच्या साहाय्यानें दाखवून दिलें. येथें घेतलेला श्रम वायां जात नाहीं, एकाचें बरोबर ठरण्यासाठीं दुसऱ्यास दुखवावें लागत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कोंकणांतील घराचा प्रश्न निघाला. आई तेथें एकटीच असते; वय ब्यायशीं. धाकट्या बंधूंचें म्हणणें, घर विकून तिला पुण्यास आणावें. आई म्हणते, मला येथून हलवूं नका. बंधूंचा फोन आला त्या रात्रीं मी बारा वाजेपर्यंत सुडोकू सोडवीत बसलों. मधूनच या प्रश्नाचीहि तशीच मांडणी करून पाहिली. तिची प्रकृति, तिचें त्या अंगणावरील ममत्व, औषधपाण्याची सोय. पण येथें दोन्ही आंकडे बसत होते, आणि कोणताहि लिहिला तरी कोणी तरी दुःखी होणारच होतें. शिवाय माझी स्वतःची सोय हा आंकडा मीं मुळीं मांडलाच नव्हता, हें बऱ्याच उशिरां लक्षांत आलें.

थकलेल्या मनानें तासभर सुटणाऱ्या कोड्याचा आश्रय घ्यावा, यांत मला दोष दिसत नाहीं. पण विश्रांति कोणती आणि पळवाट कोणती, हें बाहेरून पाहणारास कळत नाहीं. माझ्या त्या स्नेह्यांस तर नाहींच. मला मात्र त्या रात्रीं तें कळत होतें, आणि तरीहि मीं पान उलटलें.

गणपतीला घरीं गेलों. आईनें माझ्या पिशवींतून पुस्तक काढून चाळलें व विचारलें, "ह्याचीं उत्तरं मागं छापलेलीं असतात ना रे? मग सोडवतोस कशाला?"

मीं हंसून पुस्तक परत घेतलें. घराचा विषय त्या मुक्कामांतहि निघाला नाहीं.