दोन गुंठे

भवानीनगरात उसाचं नवं बेणं आलं की कोणी अख्खं रान त्याला देत नाही, पण बांधावरूनही हाकलून लावत नाही. दोन गुंठ्यांत चार सऱ्या लावायच्या, फुटवे मोजायचे, नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन लांबलं तर ऊस तग धरतो का बघायचं. आज घरचा वाटणारा ८६०३२ हा वाणसुद्धा कोइमतूरहून आलेला. विज्ञानाकडून मला एवढीच अपेक्षा आहे आणि नेमकी तिथंच निराशा होते.

हॉल्टन आर्प या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाला काही दीर्घिका आणि क्वेसार एकमेकांना जोडलेले दिसत होते, पण त्यांच्या ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं, जुळत नव्हत्या. ताम्रसृतीवरून अंतर काढायची रीतच त्यामुळे अडचणीत येत होती. आर्प चुकत असतील. ते तपासायला निरीक्षणं हवीत, निरीक्षणांना दुर्बीण हवी, आणि दुर्बिणीच्या रात्री वाटणाऱ्या समितीत बसलेले बहुतेक प्रचलित मताचेच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना त्या रात्री मिळेनाशा झाल्या. शेवटी ते जर्मनीला गेले. वाद हरून गेले असते तर मला एवढं लागलं नसतं. त्यांचं रानच काढून घेतलं गेलं.

कोल्हापूरला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर या आर्पच्या बाजूने उभे राहिले. १९६४मध्ये, सव्विसाव्या वर्षी, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडून ते जगभर गाजले होते. प्रवाहाबरोबर राहणं त्यांना सहज जमलं असतं. पण १९६५मध्ये सूक्ष्मलहरींचं विश्वव्यापी प्रारण सापडलं, विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली हे बहुतेकांनी मान्य केलं, तरी ते प्रश्न विचारत राहिले. १९९३मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी प्रतिमान मांडलं. २००४मध्ये त्यांनी सही केलेल्या एका खुल्या पत्रात तक्रार होती ती पैशाची आणि प्रयोगाच्या साधनांची: दोन्ही जवळपास सगळंच महास्फोटाच्या संशोधनाला जातं.

आजचा पुरावा महास्फोटाकडे झुकतो, हे मी मान्य करतो. तरीही वेगळा विचार तपासायला जागा हवी, ही नारळीकरांची मागणी मला न्याय्य वाटते.

वेगळ्या विचाराला जागा द्या म्हटलं की कोणी विचारतं, मग ज्योतिषालाही द्यायची का? नारळीकरांनी दिली होती. ज्योतिष त्यांना मुळीच पटत नव्हतं. तरी २००८मध्ये संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर यांना सोबत घेऊन त्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांना धाडल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.