ही खाट कोणाची?

रोहण्याहून गंभीर रुग्ण घेऊन निघालेली गाडी प्रथम आर्वीला थांबते. तेथून सेवाग्राम किंवा सावंगी, आणि तेथूनही पुष्कळदा नागपूर. 'पुढे न्या' हे दोन शब्द या रस्त्याला पाठ झाले आहेत. नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये तर विदर्भाखेरीज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही रुग्ण येतात.

महानगरांतील आकस्मिक विभाग का तुंबतात? क्षुल्लक दुखण्यासाठी लोक तिकडे धावतात म्हणून, असे सुशिक्षित मंडळी सांगतात. आम्हांला हे अर्धसत्य वाटते. खोकल्याचा रुग्ण औषध घेऊन परततो. तो खाट अडवीत नाही. दाखल करावयाचे ठरलेल्या, पण वरच्या वॉर्डात खाट रिकामी नसलेल्या रुग्णाला मात्र तासन्‌तास खालीच पडून राहावे लागते. मोरी पुढे बुजली की पाणी अंगणात साचते, तसेच हे. शिवाय २०२२ साली देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक तज्ज्ञ डॉक्टरांपैकी सुमारे चार-पंचमांश नव्हतेच. मग रुग्णाने थांबावे कोठे?

१९९२ साली आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट. वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. पैशाची सबबही त्याने मान्य केली नाही.

शासनाला जाब विचारलाच पाहिजे. परंतु योहानकृत शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्यापाशी, पाच पडव्यांतील त्या गर्दीत, अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाचे गाऱ्हाणे निराळे होते : आपल्याला पाण्यात उतरविणारे कोणी नाही.

मोठ्या रुग्णालयातील एका वृद्धाला घरी जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा 'आणखी चार दिवस ठेवून घ्यावे' अशी चिठ्ठी आम्हीच लिहून दिली होती. घरी त्यांना पाहणारे कोणी नव्हते. आम्ही ते दयेचे कृत्य समजलो. आमच्या ओळखीच्या माणसाला चार दिवस मिळाले. त्या खाटेवाचून खाली स्ट्रेचरवर कोण तिष्ठत राहिला, त्याचा चेहरा आम्ही पाहिला नव्हता, म्हणून तो आमच्या दयेत बसलाच नाही.

त्या रविवारी मिस्सेला चर्च भरलेले होते. चार दिवस त्या वृद्धाच्या घरी कोण जाईल, हे आम्ही वेदीवरून विचारले नाही.